पोट भरलं

कसोटीमामा हॉटेलात जेवायला बसले की आधी डावा हात पालथा करून टेबलावर ठेवायचे. भाजी आली की तिच्या रश्शाचा एक थेंब चमच्यानं अंगठ्याच्या मुळाशी टाकायचे, बोटानं चोळायचे, उजेडाकडं धरून बघायचे, हुंगायचे आणि मगच पहिला घास घ्यायचे. त्यांना न ओळखणारा वेटर असला तर तो गोंधळून जायचा. एकानं तर काळजीनं विचारलंही होतं, "मामा, भाजलंय का? बर्फ आणू?" मामा हातावरचा थेंब त्याला दाखवून म्हणाले, "भाजलं न्हाई. रंग जात न्हाई, बघ. मिरचीचा रंग पुसला की जातो. ह्यो डबीतला हाय."

मामा सोनार. सेलूला त्यांचं छोटं दुकान आणि त्याला लागून माझं फ्लेक्स छापायचं आणि पासपोर्ट फोटोचं दुकान. आमच्या वडिलांनी दुकान घेताना "सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा" असं मला बजावून सांगितलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी मामांच्या दुकानात चहा प्यायला जाऊन बसलो. वडिलांचं ऐकायचं ते वय नव्हतं आणि चहा मामी घरून पाठवायच्या. गालात कच्च्या सुपारीचं खांड, तोंडात फुंकणी आणि समोर कुणाच्या तरी तुटलेल्या पोतीचा मणी, अशा अवस्थेत मामा बसलेले असायचे. तोंड रिकामं नसायचं म्हणून बोलणं कमी. पण बोलले की ते गावभर व्हायचं.

पुढं मोठी चकाचक दुकानं आली. लोक नवं सोनं तिकडं घ्यायला लागले आणि मामांकडं फक्त तुटलेलं यायला लागलं. दुपारी काम नसायचं. मग आम्ही माझ्या फोनवर ती हॉटेलातल्या जेवणाची चित्रफीत काढणारी पोरं बघत बसायचो. एक पोरगा पुण्यात वडा खाऊन डोळे मिटायचा, मग थाळी खाऊन डोळे मिटायचा, आणि प्रत्येक वेळी "एक नंबर" म्हणायचा. मामांनी चार दिवस ते सहन केलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "ह्यो सगळ्यालाच एक नंबर म्हणायलाय. मग दोन नंबर कुटं गेला? सोनं बघून जर मी सगळ्यालाच चोवीस कॅरेट म्हणालो तर लोक मला दुकानात ठिवतील का?" मी सहज म्हणालो, मग तुम्हीच सांगा की मामा. त्यावर त्यांनी फुंकणी खाली ठेवली. आमचा तो उद्योग असा सुरू झाला. मी मोटारसायकल चालवायची, फोन धरायचा आणि चित्रफीत इंटरनेटवर टाकायची, मामांनी खायचं आणि खरं बोलायचं.

मामांचा निकाल कॅरेटमध्ये असायचा. चौदा, सोळा, अठरा आणि लय झालं तर बावीस. चोवीस त्यांनी कुणालाच दिलं नाही. "चोवीसचा दागिना होत न्हाई, वाकतो. माणसानं केलेल्या वस्तूत थोडा डाग लागतोच," असं ते म्हणायचे. डाग म्हणजे सांधा जोडताना सोन्यात घालतात ती भेसळ. आणि ज्या जेवणाला कसच लागत नाही, ज्यात वाईटही काही नाही आणि चांगलंही काही नाही, त्याला त्यांच्याकडं एकच शब्द होता. ते ताटावरून उठायचे, हात धुवायचे, फोनकडं बघायचे आणि म्हणायचे, "पोट भरलं." चौदा कॅरेट परवडलं, पण पोट भरलं नको, असं हॉटेलवाले म्हणायचे. मी एकदा विचारलं की मामा, पोट भरणं ही काय वाईट गोष्ट आहे का? तर म्हणाले, "पोट कडब्यानं बी भरतंय. बैलाला इचार. तो कदी कुणाला सांगत बसतो का, की आज कडबा कसा झाला म्हणून?"

आमच्या भागातल्या हॉटेलांची पाटी वाचण्यासारखी असते. पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन, महाराष्ट्रीयन, सगळं एका पाटीवर आणि आत एकच आचारी, तो शेजारच्या बोरीचा नाहीतर वालूरचा. पाट्या मीच छापत असल्यामुळं मला बोलायला तोंड नव्हतं. मामांना होतं. परभणी रोडवरच्या एका ढाब्यावर त्यांनी पनीरच्या तीन भाज्या मागवल्या, तिन्हींचे तीन थेंब हातावर ओळीनं घेतले आणि मालकाला बोलावून हात दाखवला. "ह्या तिघी एकाच घरातल्या हायेत. नावं तेवढी वायली." मालकही पक्का होता. तो म्हणाला, "मामा, नाव वायलं, भाव वायला. गिऱ्हाइकाला आणखी काय पाहिजे?" मामांना ते उत्तर इतकं आवडलं की त्यांनी भाजीला सोळा दिलेच, वर मालकाला अठरा दिले. जिंतूरला एका डोसेवाल्याचं सांबार चाखून म्हणाले, "ही आपली आमटीच की. सासरी आल्यावर नाव बदलल्यालं दिसतंय." डोसेवाला मान खाली घालून हसत राहिला.

परभणीच्या बिर्याणीवाल्या चाचांचं आणि त्यांचं जुनं सख्य. चाचा भांडं उघडण्याआधीच सांगायचे, "मामू, सच बोलना, मगर हल्लू बोलना. गिऱ्हाइकां बैठेले हैं." मामा हळू बोलत नसत. "चाचा, भात बावीस हाय, मटन अठरा हाय. पन दोनाचा जोड बराबर बसला न्हाई. झारायचं ऱ्हायलं." चाचा ते मनावर घ्यायचे. पुढच्या खेपेला स्वतः शेजारी बसून मामांच्या तोंडाकडं बघायचे. येलदरीला धरणाच्या खालच्या अंगाला एक बाई पत्र्याच्या शेडमध्ये मासे तळून द्यायची. मीठ, हळद, तिखट, बाकी काही नाही. तिथं मामांनी हातावर थेंबसुद्धा घेतला नाही. खाल्लं आणि बराच वेळ पाण्याकडं बघत बसले. मग बावीस म्हणाले. ती बाई म्हणाली, "बावीस म्हंजी पास का नापास?" मासे खाऊन आलं की मामी त्यांना बाहेरच्या नळावर चूळ भरायला लावायच्या, सदरा बदलायला लावायच्या आणि मगच उंबऱ्याच्या आत घ्यायच्या. माझ्याही हातावर पाणी घालायच्या आणि जेवायला वाढायच्या. बाहेरचं खाऊन आलेल्या माणसाचं पोट भरलेलं नसतं, अशी त्यांची ठाम समजूत होती.

घरच्या जेवणाबद्दल मात्र मामा अवाक्षर बोलायचे नाहीत. बरं नाही, वाईट नाही. मान खाली घालून जेवायचे आणि भाकरी संपली की ताटाच्या कडेला बोटानं टकटक करायचे. मामी मला म्हणायच्या, "साऱ्या जिल्ह्याला सांगत फिरायलेत. मला आजपस्तोर एकदा न्हाई म्हणले, की भाजी कशी झाली." मी मामांना छेडलं, तर ते हसले. "घरच्या सोन्याला कस लावत न्हाईत," एवढंच म्हणाले. मामींना ते उत्तर पटलं नाही. मलाही फारसं पटलं नव्हतं. पण मामा ते फार गोड बोलले होते.

आता धनबहादुरची गोष्ट. धनबहादुर नेपाळचा. बस स्टँडजवळ त्याची चायनीजची गाडी. त्याच्या तव्यावरचा जाळ रस्त्यावरून दिसायचा आणि पोरं त्या जाळासाठीच थांबायची. मराठी त्याला कामापुरतं यायचं. आम्ही त्याच्याकडं गेलो तेव्हा त्यानं स्टूल पुसलं, मामांना त्यावर बसवलं, नूडल्स दिल्या, मंचाव सूप दिलं आणि हात बांधून उभा राहिला. मामांनी सगळं संपवलं. अन्न टाकायचे नाहीत ते. मग फोनकडं बघून म्हणाले, "पोट भरलं." मी फोन खाली घेतला. मला धनबहादुरच्या तोंडाकडं बघवेना. पण त्याचं तोंड तर उजळलं होतं. पोट माहीत, भरलं माहीत, दोन्ही शब्द त्याला येत होते आणि त्याच्या दृष्टीनं याहून मोठी शाबासकी जगात नव्हती. तो वाकून मामांच्या पाया पडला.

आठवड्याभरात तो माझ्या दुकानात हजर. त्याला फ्लेक्स पाहिजे होता. वर मामांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'पोट भरलं'. मी त्याला समजावणार होतो, पण म्हटलं आधी ज्याचं तोंड छापायचं त्याला विचारावं. मामा शेजारीच बसले होते. त्यांनी सुपारीचं खांड या गालातून त्या गालात सरकवलं आणि म्हणाले, "छापून दे. त्याला मराठी येत न्हाई, मला चायनीज येत न्हाई. फिट्टंफाट." मी म्हणालो, अहो मामा, सगळं सेलू हसेल. "हसंल आन खाईल. त्याचं बी पोट भरू दे की," मामा म्हणाले. मी छापला. सेलू हसलं आणि खायला गेलं. ज्यांना मामांचा शब्द माहीत होता ते गमतीनं जायचे, ज्यांना माहीत नव्हता ते मामांच्या तोंडाकडं बघून जायचे. धनबहादुर प्रत्येक गिऱ्हाइकाला उठताना विचारायचा, "पोट भरलं?" आणि कॉलेजची पोरं एकमेकांना कोपर मारून एका सुरात सांगायची, "भरलं." त्याला याचा कधी पत्ता लागला नाही. इतक्या लोकांत एकानंही सांगितलं नाही, ही आमच्या गावाची मला आवडलेली एक गोष्ट.

त्यानंतरची पावसाळ्याच्या तोंडाची गोष्ट. परभणीला बर्गर आणि पिझ्झाचं एक दुकान निघालं होतं, काचेचं. मालक तरुण, त्यानं मुद्दाम बोलावलं होतं. मामांपुढं बर्गर आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, तोंडापाशी नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. दाबून बघितला. शेवटी पाव वेगळा, आतली टिक्की वेगळी, पाला वेगळा असा त्याचा पंचनामा करून बारीक तुकडे खाल्ले आणि फोनकडं बघून म्हणाले, "एवढा मोठा पाव कुणासाठी केलाय? म्हशीच्या तोंडाचं माप घेतलंय का?" ती चित्रफीत फार गाजली. लोक माझ्या दुकानात येऊन "म्हशीच्या तोंडाचं माप" म्हणून हसायचे. मामाही हसायचे. पण मी शेजारी बसणारा माणूस, मला पुढं दिसायला लागलं की पाणीपुरी ते फोडून खातात, जांभई देताना हातानं जबडा धरतात, आणि फुंकणी तोंडात घेतली की ज्योत थरथरते. डाग देताना ज्योत एका जागी धरावी लागते. मामांची ज्योत आयुष्यात हलली नव्हती. एक दिवस त्यांनी एका बाईचं मंगळसूत्र न जोडताच परत दिलं आणि दुसऱ्या सोनाराचं नाव सांगितलं.

परभणीच्या डॉक्टरांनी मामांना स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितलं. एक गेलं. मग बॅटरी धरून जिभेच्या कडेला बघितलं आणि त्यांचं बोलणं एकदम हळू झालं. पुढं मोठ्या शहरात नेलं, तुकडा काढून तपासला, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की जिभेचा एका बाजूचा भाग आणि जबड्याचा तुकडा काढावा लागेल, मग रेडिएशनचा शेक द्यावा लागेल, आणि चव राहील का हे सांगता येणार नाही. मामांनी एकच प्रश्न विचारला. "डॉक्टरसाहेब, चव जिभेच्या कोन्या बाजूला असती?" डॉक्टर म्हणाले, "काका, आधी जीव बघा." बाहेर येऊन मामा बाकावर बसले. मग मला म्हणाले, "जीव आन जीभ. एकाच अक्षराचा फरक हाय, आन त्यातलं एकच घ्या म्हणायलेत." मामी पलीकडं बसल्या होत्या. त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "जीव घ्या. मी काय तुमच्या जिभेसंगं संसार केला का?"

शस्त्रक्रियेची तारीख लगेच मिळाली नाही. मधल्या दिवसांत मामांनी मला सांगितलं, "चल, एकदा सगळ्यायला भेटून येऊ." मामींनीही सांगितलं, न्या त्यांना. म्हणून आम्ही पुन्हा सगळीकडं गेलो. ढाब्यावर गेलो, डोसेवाल्याकडं गेलो, चाचांकडं गेलो. मला वाटलं होतं मामा शेवटचं पोटभर चाखून घेतील, मनात साठवून ठेवतील. पण वेळ तेव्हाच टळून गेली होती. तोंडात काहीही गेलं की आग व्हायची. बिनतिखटाचं मागवलं तरी आग, नुसता भात खाल्ला तरी आग. मामा हातावर थेंब घ्यायचे, चोळायचे, हुंगायचे, एक घास तोंडात ठेवून उपरणं तोंडावर धरायचे. मग फोनकडं बघून म्हणायचे, "बावीस." सगळीकडं बावीस. त्या तीन पनीरच्या भाज्यांना बावीस, सासरी आलेल्या आमटीला बावीस. चाचांनी भांड्यावरचं झाकण हातात तसंच धरून विचारलं, "मामू, जोड बैठा?" मामा म्हणाले, "बैठा, चाचा. अब बराबर बैठा." चाचांनी तोंड फिरवलं. त्यांनाही कळलं असावं.

आयुष्यभर ज्या माणसानं कुणाच्या भिडेनं सोन्याला एक कॅरेट चढवून सांगितलं नाही, तो आता दिसेल त्याला खोटा शिक्का मारत चालला होता. मला ते बघवत नव्हतं. मी म्हणालो, मामा, आपण नुसतं भेटू, काही बोलू नका. तर म्हणाले, "मला चव लागंना त्यात त्यांचा काय दोष?" येलदरीच्या बाईनं तिखट न घालता मासा तळला होता. मामांच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ती म्हणाली, "मामा, आज रडायलाव की." मामा म्हणाले, "मिरची लय झाली." तिनं माझ्याकडं बघितलं. मी धरणाच्या भिंतीकडं बघितलं.

शस्त्रक्रिया झाली. शेक झाले. मामा परत आले ते अर्धे होऊन. गालापासून मानेपर्यंत शिवण, नाकात नळी, आणि त्या नळीतून मामी दिवसभर काही ना काही सोडायच्या: डाळीचं पाणी, नाचणीची पेज, दूध. पुढं नळी निघाली आणि तोंडानं पातळ घेता यायला लागलं तेव्हा मामींनी देवाला साखर ठेवली. त्यातलीच चिमूटभर मामांच्या जिभेवर ठेवली आणि विचारलं, "गोड लागायलंय का?" मामांनी नाही म्हणून मान हलवली. मीठ ठेवलं. मान हलवली. लिंबू पिळलं. मामा नुसते बघत राहिले. डॉक्टर म्हणाले होते, काहींची चव काही महिन्यांनी परत येते. मामी रोज सकाळी साखर ठेवून बघायच्या. मी त्या वेळेला तिथं जायचं टाळायला लागलो. एकदा चुकून गेलो, तर मामा पेजेचा थेंब डाव्या हातावर घेऊन चोळत बसले होते. उजेडाकडं धरत होते, हुंगत होते, पुन्हा चोळत होते. मला बघितल्यावर त्यांनी हात उपरण्याला पुसून टाकला.

चव आली नाही. मानेत गाठ आली. पुन्हा शहरात नेलं, तर या वेळी डॉक्टरांनी तारीख दिली नाही, घरी न्या म्हणाले. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं असं आपण सहज म्हणतो. त्या दिवशी गाडीत ती म्हण माझ्या मनात आली आणि मी ती सेलू येईपर्यंत तशीच गिळून बसलो. जीव घ्यावा म्हणून जीभ दिली आणि जीवही घेता आला नाही. ज्यानं ही व्यवस्था केली त्याच्या दुकानाला काय पाटी छापावी, हे मला आजही सुचत नाही.

एका संध्याकाळी मामांनी खुणेनं मला गाडी काढायला सांगितली. कुठं, तर बस स्टँडकडं बोट. मोटारसायकलवर बसवणं शक्य नव्हतं, म्हणून रिक्षा केली. धनबहादुरकडं आम्ही त्या निरोपाच्या फेरीत गेलोच नव्हतो. का, ते मी विचारलं नव्हतं आणि मामांनी सांगितलं नव्हतं. त्यानं मामांना बघितलं आणि हातातली कढई खाली ठेवली. गिऱ्हाइकांना जा म्हणाला. मग स्टूल पुसून मामांना बसवलं आणि मला विचारलं, "साब क्या खा सकते?" मी सांगितलं, पातळ, बिनतिखट, गार. त्यानं मंचाव केलं, मिरची न घालता. कपड्यातून गाळलं, दोन वाट्यांमध्ये वरखाली करून थंड केलं आणि लहान मुलाला पाजायच्या बोंडल्यातून स्वतः पाजायला बसला. हे बोंडलं तो कुठून घेऊन आला मला माहीत नाही. निम्मं आत जात होतं, निम्मं शिवणीच्या बाजूनं ओघळत होतं आणि तो ते आपल्या खांद्यावरच्या फडक्यानं टिपत होता. मामांनी हातावर थेंब घेतला नाही.

थोडं गेल्यावर मामांनी हात वर केला. तोंडातून आवाज काढला. अर्ध्या जिभेचं ते बोलणं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. धनबहादुरनं माझ्याकडं बघितलं, "क्या बोले?" मी म्हणालो, "पोट भरलं म्हणाले." त्यानं दोन्ही हात जोडले. वर लावलेल्या फ्लेक्सकडं बोट दाखवून हसला, की बघा, आजही तेच. मामांनीही मान वर करून तो फ्लेक्स बघितला, आपला जुना भरलेला चेहरा आणि खालचे दोन शब्द. त्यांचं तोंड एका बाजूनं जरा हललं. ते हसले की नाही हे त्या शिवलेल्या गालावरून ओळखता येत नव्हतं. सगळीकडं खोटे बावीस वाटत फिरलेल्या माणसानं धनबहादुरला त्याचा जुना कस तेवढा बदलून दिला नाही. तो जुनाच निकाल होता, का त्या दिवशी मामा नुसतं खरं बोलले, की आता पोट भरलं, यापुढं काही खायला लागणार नाही, हे मी त्यांना विचारू शकलो नाही. उन्हाळा लागला आणि मामा गेले.

त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच छापला. माणूस जन्मला तरी आमच्याकडं यावं लागतं आणि गेला तरी. सगळं झाल्यावर एक दिवस मामी दुकानात आल्या. एरवी त्या कधी येत नसत. बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या फोनमदी त्यांचं समदं हाय म्हणं. त्यात माझ्या जेवणाचं कुटं काही बोलल्यात का, बघा की." मी त्यांच्यासमोर सगळ्या चित्रफिती बघितल्या. ढाबा होता, डोसा होता, चाचा होते, बर्गर होता. मामींचं कुठंच काही नव्हतं. मी म्हणालो, मामी, ते म्हणायचे घरच्या सोन्याला कस लावत नाहीत. मामी उठल्या. पदर नीट केला. "ते मला ठाव हाय," म्हणाल्या. "पन इतकी वर्सं रांधलं. निदान पोट भरलं, एवढं तरी म्हणायचं होतं."

फ्लेक्सचा रंग उन्हात उडतो. लाल आणि पिवळा आधी उडतो, काळा टिकतो. त्यामुळं धनबहादुरच्या गाडीवरचा मामांचा चेहरा वर्षभरात निळसर होऊन पुसत गेला आणि 'पोट भरलं' तेवढं ठळक राहिलं. तो नवीन छापून मागायला आला. मी विचारलं, आता फोटोला हार दाखवायचा का, खाली काही वेगळं लिहायचं का? तो म्हणाला, "नहीं साब. वही लिखो. उन्होंने दो बार बोला." मी तेच लिहिलं.

अजूनही नवीन हॉटेल निघालं की मालक मला बोलावतात. फोन धरणारा मीच, हे लोकांना माहीत आहे. परवा जिंतूर रोडवर एकानं राजस्थानी थाळी सुरू केली, तिथं गेलो होतो. मालकानं समोर बसून आग्रह करून वाढलं. फोन खिशातून काढला, पण कुणाकडं धरायचा ते कळेना, म्हणून परत ठेवला. मी डावा हात पालथा करून टेबलावर ठेवला, त्यावर कढीचा थेंब घेतला, चोळला, हुंगला. मला त्यातलं काही कळलं नाही. मालकानं विचारलं, "कसं वाटलं साहेब?" चांगलं असावं ते. मामा असते तर त्यांनी अठरा तरी दिले असते. मी हात धुऊन आलो आणि खरं तेच सांगितलं. मामा गेल्यापासून मी कुठंही जेवलो तरी तेवढंच होतं. पोट भरतं.